गिटारच्या आत बसणारा बूस्टर: आवाज नेमका कशामुळे बदलतो आणि तो बसवायचा कसा?

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हा प्रसंग हमखास दिसतो. गाण्याच्या मध्यावर गिटारवादक सोलो सुरू करतो, बोटं भराभर फिरताना दिसतात, पण ड्रम आणि बासच्या गदारोळात गिटार ऐकूच येत नाही. वाजवता वाजवता मागे जाऊन ॲम्पचा आवाज वाढवणार कोण? अशा वेळी गिटारवरचंच एक छोटं बटण दाबलं आणि आवाज उसळून वर आला तर?

हे काम करणाऱ्या सर्किटला ऑनबोर्ड बूस्टर म्हणतात. ते गिटारच्या आतच बसवलेलं असतं आणि ९ व्होल्टच्या छोट्या चौकोनी बॅटरीवर चालतं. इंटरनेटवर असे तयार सर्किट बोर्ड सहज मिळतात आणि ते बसवायचे व्हिडिओही भरपूर आहेत. पण एक गोष्ट त्यात बऱ्याचदा सुटते. नुसता आवाज वाढवायला गिटार उघडावी लागत नाही, पायाशी ठेवलेलं बूस्टर पेडलही ते काम करतं. गिटारच्या आतला बूस्टर याशिवाय आणखी एक काम करतो. तो पिकअप आणि केबल यांना एकमेकांपासून वेगळं करतो आणि त्यामुळे गिटारचा टोनच बदलतो. हा बदल आपल्याला हवा आहे का, हे आधी कळायला हवं. कारण गिटारच्या अंगाला पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही.

बूस्टर म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार कंप पावली की या वेढ्यांमध्ये अगदी छोटा विद्युत संकेत तयार होतो. हळुवार वाजवलं तर तो व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. दुहेरी वेढ्यांच्या हंबकर पिकअपवर जोरात वाजवलं तर क्षणभर १ व्होल्टच्या वरही जातो. हा संकेत व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबमधून जॅककडे आणि तिथून केबलने ॲम्पकडे जातो. बहुतेक गिटारमध्ये या वाटेवर बॅटरी कुठेच नसते. अशा गिटारला पॅसिव्ह गिटार म्हणतात.

बूस्टर म्हणजे एखादा ट्रान्झिस्टर किंवा एक छोटी चिप, सोबत काही रेझिस्टर आणि कपॅसिटर. सगळं मिळून टपाल तिकिटाएवढ्या बोर्डावर मावतं. तो संकेत किती वाढवतो हे डेसिबलमध्ये सांगतात. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, १२ डेसिबल म्हणजे चौपट आणि २० डेसिबल म्हणजे दहापट.

पण कानाचं गणित वेगळं असतं. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. शिवाय ॲम्प आधीच फाटक्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या आवाजात वाजत असेल तर बूस्टरने आवाज फारसा मोठा होत नाही, फाटलेपणा वाढतो आणि सूर जास्त वेळ टिकतो. अनेक रॉक वादकांना नेमकं हेच हवं असतं.

ही कल्पना आली कुठून?

१९६८ मध्ये माइक मॅथ्यूज यांनी न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी सुरू केली. बेल लॅब्जमधले इंजिनिअर बॉब मायर त्यांच्यासाठी सूर लांबवणारं एक उपकरण तयार करत होते. गिटारचा संकेत फारच छोटा असल्यामुळे मायर यांनी चाचणीसाठी पुढे एक साधं बूस्टर सर्किट जोडलं होतं. मॅथ्यूज यांनी त्याचा स्विच चालू केला आणि ॲम्प अचानक गरजला. मूळ उपकरण बाजूला राहिलं आणि चाचणीसाठी केलेलं हे सर्किटच एलपीबी-१ या नावाने बाजारात आलं. त्यात एकच ट्रान्झिस्टर होता.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या भोवतालच्या तंत्रज्ञांमधून अलेम्बिक ही कंपनी उभी राहिली. त्यांनी स्ट्रॅटोब्लास्टर नावाचा बूस्टर काढला. फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर जॅकची जी धातूची पट्टी असते, तिच्या जागी तो बसायचा. म्हणजे लाकडाला हात न लावता गिटार सुधारायची सोय. बँडचे गिटारवादक जेरी गार्सिया यांच्या ‘ॲलिगेटर’ या प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टरमध्ये तो बसवलेला होता.

१९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे ही बास गिटार बॅटरीवरच्या सर्किटसह बाजारात आली. १९८८ मध्ये फेंडरने एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली. तिच्यात मधल्या पट्टीतले सूर २५ डेसिबलपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा पट वाढवणारं सर्किट होतं. बारीक आवाजाच्या सिंगल कॉइल पिकअपमधून हंबकरसारखा भरीव आवाज काढणं हा त्याचा हेतू होता.

खरा खेळ केबलचा

गिटारची केबल ही फक्त तार नसते. आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. साध्या केबलमध्ये दर मीटरमागे ही धारिता साधारण १०० पिकोफॅरड भरते. पिकअपच्या वेढ्यांचं इंडक्टन्स आणि ही धारिता एकत्र आली की एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला आवाज उठावदार होतो आणि तिच्या वरचे तीक्ष्ण सूर झपाट्याने कमी होतात. गिटारचा टोन बराचसा या उंचवट्याच्या जागेवर ठरतो.

२.५ हेन्री इंडक्टन्सचा आणि स्वतःची १०० पिकोफॅरड धारिता असलेला सिंगल कॉइल पिकअप घेतला, तर हिशेब साधारण असा येतो:

३ मीटर केबल: उंचवटा सुमारे ५,००० हर्ट्झवर.
६ मीटर केबल: सुमारे ३,८०० हर्ट्झवर.
९ मीटर केबल: सुमारे ३,२०० हर्ट्झवर.

म्हणजे घरी छोट्या केबलवर खणखणीत वाजणारी गिटार मोठ्या स्टेजवर लांब केबल लावली की बोदी वाटते. व्हॉल्यूमचा नॉब निम्म्यावर आणला तर तीक्ष्ण सूर आणखी कमी होतात.

बूस्टर जॅकच्या आधी बसवला की पिकअपला केबल दिसतच नाही. त्याच्यासमोर फक्त बूस्टरचं इनपुट असतं आणि केबलचं ओझं बूस्टर उचलतो. मग केबल ३ मीटरची असो वा ९ मीटरची, टोन जवळपास तसाच राहतो.

पण इथेच एक अडचण येते. केबलची धारिता गेल्यामुळे उंचवटा ८,००० हर्ट्झच्या आसपास सरकू शकतो. आवाज काचेसारखा स्वच्छ होतो, पण काहींना तो बोचरा वाटतो. ज्या जुन्या रेकॉर्डवरचा आवाज ऐकून गिटार हातात घेतली, तो आवाज केबलच्या धारितेसकट तयार झालेला असतो. म्हणूनच काही जण बूस्टरच्या इनपुटला मुद्दाम ३०० ते ४७० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर जोडतात. तो केबलची उणीव भरून काढतो.

आधी गिटार न उघडता चाचणी

गिटारवर स्क्रू ड्रायव्हर चालवण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करता येतो. कुणाकडून तरी स्वच्छ आवाजाचं बूस्टर पेडल आणावं. बूस्टरचं इनपुट १ मेगओहमच्या आसपास असावं. ते फुटभर लांबीच्या छोट्या केबलने गिटारला जोडावं आणि पेडलपासून ॲम्पपर्यंत नेहमीची लांब केबल लावावी. विजेच्या दृष्टीने ही मांडणी गिटारच्या आतल्या बूस्टरच्या जवळपास सारखीच असते.

आठवडाभर असं वाजवून पाहावं. आवाज आवडला तर पुढे जायचं. फक्त सोलोच्या वेळी आवाज मोठा हवा असेल आणि बाकी टोन जुनाच बरा वाटत असेल, तर पायाशी ठेवलेलं पेडलच पुरेसं आहे. या एका प्रयोगाने अनेक गिटारींना पडणारं भोक वाचू शकतं.

कोणतं सर्किट निवडावं?

गिटारच्या आत बसणाऱ्या बूस्टरचं इनपुट पिकअपवर भार टाकणारं नसावं, ही पहिली अट. ते किमान १ मेगओहमचं असावं. साध्या ट्रान्झिस्टरच्या काही जुन्या बूस्टरचं इनपुट याहून खूप कमी असतं आणि त्यामुळे पिकअपचा आवाज दबतो. म्हणून जेफेट प्रकारचा ट्रान्झिस्टर किंवा टीएल०७१ सारखी ऑप-ॲम्प चिप असलेला बोर्ड घ्यावा.

दुसरी गोष्ट, वाढ किती हवी. ६ ते १० डेसिबल बहुतेकांना पुरतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर सर्किटला वर आणि खाली मिळून जेमतेम साडेचार-साडेचार व्होल्टची जागा असते. १ व्होल्टचा संकेत दहापट करायला गेलं तर तो या जागेत मावत नाही आणि गिटारच्या आतच फाटतो. बोर्डावर वाढ कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू, म्हणजे ट्रिमपॉट असेल तर उत्तम.

तिसरी गोष्ट बॅटरीची. अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरीत साधारण ५०० मिलीअँपिअर-तास ऊर्जा असते. अर्धा मिलीअँपिअर खाणारा जेफेट बूस्टर त्यावर हजार तास चालू शकतो. ३ मिलीअँपिअर खाणारं सर्किट मात्र १६०-१७० तासांत ती संपवतं.

जागा आहे का, हे आधी मोजा

लेस पॉल पद्धतीच्या गिटारला मागे नॉबच्या पोकळीवर झाकण असतं आणि आत ऐसपैस जागा असते. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये पिकगार्डखाली बोर्ड मावतो, पण बॅटरीसाठी जागा शोधावी लागते. टेलिकास्टरची पोकळी अरुंद असते, तिथे बॅटरी क्वचितच मावते. चौकोनी बॅटरी साधारण ४८ मिलिमीटर लांब, २६ मिलिमीटर रुंद आणि १७ मिलिमीटर जाड असते. याच मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा करून तो आत ठेवून झाकण लागतं का, हे पाहणं सर्वांत सोपं. लाकूड कोरायची वेळ येत असेल तर काम अनुभवी कारागिराकडे द्यावं.

स्विचसाठी भोक पाडण्याऐवजी पुश-पुल पॉट वापरता येतो. तो जुन्या टोन नॉबच्या जागी बसतो आणि नॉब वर ओढला की स्विचचं काम करतो. उद्या मन बदललं तर जुना पॉट परत लावला की झालं. फक्त त्याची खोली जास्त असते, तेवढी मोजून घ्यावी.

लागणारं साहित्य

बूस्टरचा बोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, स्टीरिओ जॅक, सहा पायांचा पुश-पुल पॉट किंवा छोटा टॉगल स्विच, बारीक वायर, २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर वायर, इन्सुलेशनसाठी श्रिंक ट्यूब, फोमचा तुकडा आणि मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली या भागांत यातलं बहुतेक सामान मिळतं. गिटारचे पॉट मात्र वाद्यांच्या दुकानातून घेतलेले बरे. सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचा, तर हंबकरसाठी ५०० किलोओहमचा पॉट वापरण्याची पद्धत आहे.

बसवण्याच्या पायऱ्या

१. काहीही कापण्याआधी आतल्या सगळ्या जोडण्यांचे मोबाईलवर जवळून फोटो काढावेत. काम बिघडलं तर परतीची वाट हीच.

२. तारा सैल करून पिकगार्ड किंवा मागचं झाकण काढावं. व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाकडून जॅककडे जाणारी वायर शोधावी. बूस्टर याच वायरच्या मध्ये बसतो. दोन व्हॉल्यूम आणि पिकअप निवडायचा स्विच असलेल्या गिटारमध्ये त्या स्विचकडून जॅककडे जाणारी वायर धरावी, म्हणजे दोन्ही पिकअपना एकच बूस्टर पुरतो.

३. जुना जॅक काढून स्टीरिओ जॅक लावावा. त्याला टिप, रिंग आणि स्लीव्ह असे तीन पाय असतात. कोणता पाय रिंगचा, हे ओळखायला साधा मोनो प्लग आत घालून मल्टिमीटरने पाहावं. प्लग आत असताना जो पाय स्लीव्हशी जोडलेला दिसतो आणि प्लग काढल्यावर सुटतो, तो रिंगचा.

४. बॅटरीची काळी वायर रिंगला आणि लाल वायर बोर्डाच्या प्लसला जोडावी. बोर्डाची ग्राउंड वायर स्लीव्हला जोडावी. आता प्लग आत गेला की रिंग आणि स्लीव्ह जोडले जातात आणि बूस्टर सुरू होतो. प्लग काढला की बॅटरी बंद. वेगळं बटण लागत नाही.

५. स्विचच्या सहा पायांपैकी मधले दोन महत्त्वाचे. एकाला गिटारकडून येणारी वायर, दुसऱ्याला जॅकच्या टिपकडे जाणारी वायर. एका बाजूचे दोन पाय छोट्या वायरने एकमेकांना जोडायचे. दुसऱ्या बाजूला पहिल्या वायरच्या ओळीत बोर्डाचं इनपुट आणि दुसऱ्या वायरच्या ओळीत आउटपुट. स्विच एका बाजूला असताना संकेत सरळ जातो आणि दुसऱ्या बाजूला बूस्टरमधून.

६. ब्रिजकडून येणारी ग्राउंडची वायर पुन्हा नीट जोडलेली आहे ना, हे तपासावं. ती सुटली तर गिटार भुणभुणते.

७. बोर्ड आणि बॅटरी फोममध्ये गुंडाळून ठेवावी, नाहीतर त्या आत खडखडतात आणि उघड्या जोडण्यांना टेकतात.

पाचवी पायरी टाळायचा मोह होतो, कारण सर्किट कायम चालू ठेवलं तर जोडणी सोपी होते. पण मग बॅटरी संपली की गिटार मुकी होते, तीही ऐन गाण्यात. सरळ वाट ठेवलेल्या गिटारमध्ये बॅटरी मेली तरी एक बटण दाबून गाणं पूर्ण करता येतं. स्टेजवर वाजवणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

काही बिघडलं तर?

बूस्टर लावल्यावर आवाजच येत नाही: बॅटरीचं व्होल्टेज मोजावं. नवीन बॅटरी ९ व्होल्टच्या वर दाखवते. साडेसातच्या खाली असेल तर बदलावी. बॅटरी ठीक असेल तर इनपुट-आउटपुटच्या वायर उलट लागल्या आहेत का, हे पाहावं.

स्विच दाबताना ‘टप्प’ असा आवाज येतो: बोर्डाचं इनपुट आणि ग्राउंड, तसंच आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये प्रत्येकी १ मेगओहमचा रेझिस्टर लावल्यावर तो बराच कमी होतो.

गुणगुण वाढली: बूस्टर संकेताबरोबर पिकअपने पकडलेली विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही वाढवतो. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडणं हा त्यावरचा उपाय. मूळ गिटारच गुणगुणत असेल तर बूस्टरच्या आधी हे काम करावं.

जुन्या पद्धतीचं फझ पेडल कर्कश झालं: अशी काही पेडल थेट पॅसिव्ह पिकअपला जोडण्यासाठीच बनलेली असतात. ती वापरताना बूस्टर बंद ठेवावा.

सुरक्षिततेचं काय?

९ व्होल्टने शॉक बसत नाही. पण गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या ग्राउंडशी जोडलेल्या असतात. त्यामुळे ॲम्पचा तीन पिनांचा प्लग नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. मांडवातल्या तात्पुरत्या जोडणीवर वाजवताना याकडे जास्त लक्ष द्यावं. ट्यूब ॲम्प स्वतः कधीही उघडू नये. त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात धुवावेत.

कोणी बसवू नये?

गिटार जुनी आणि मौल्यवान असेल, तर तिची किंमत मूळ भागांवर आणि न हललेल्या सोल्डरवर ठरते. नवी असेल तर आतलं काम केल्यावर वॉरंटी जाऊ शकते. वायरलेस किटवर वाजवणाऱ्यांच्या गिटार आणि ट्रान्समीटरमध्ये लांब केबलच नसते, त्यामुळे केबलबाबतचा फायदा त्यांना मिळत नाही.

बाकीच्यांसाठी हे एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारखं काम आहे. काढलेला जुना जॅक, पॉट आणि स्क्रू एका पिशवीत घालून गिटारच्या केसमध्ये ठेवून द्यावेत. वाजवून झाल्यावर प्लग काढायची सवय लावावी, कारण प्लग रात्रभर आत राहिला की बॅटरी रात्रभर खर्च होते. गिटार महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर बॅटरीच काढून ठेवावी. गळलेल्या बॅटरीतलं रसायन आतल्या वायरी आणि लाकूड दोन्ही खराब करतं.